कलता शिक्का

"हा गोंद म्हणायचा की भाताची पेज?" तोकुमारू-सान स्वतःशीच पुटपुटत होते. "पंच्याहत्तर वर्षांचा इतिहास चिकटवायचा, आणि सामान द्यायचं बालवाडीतलं. वा रे कंपनी!"

त्यांचं पुटपुटणं ऐकायला चिगुसाला मान वळवावी लागत नसे. दोघांची टेबलं इतकी खेटून होती, की त्यांनी कोपर हलवलं की हिच्या कपातला बार्लीचा चहा हिंदकळायचा.

"फुंकर नका मारू त्याच्यावर," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात संस्थापकांच्या फोटोवर मारलीत, आणि ते एका बाजूने उचलले गेले."

"संस्थापक होतेच तसे. एका जागी टिकायचे नाहीत."

खोलीच्या दारावर 'इतिहास संपादन कक्ष' अशी पाटी होती. पाटी नवी, खोली जुनी. पूर्वी इथे रिकामी खोकी ठेवत. त्सुगावा देन्की या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत कुणाला नोकरीवरून काढत नसत. काढणं असभ्य दिसतं. त्याऐवजी माणसाला अशा एखाद्या खोलीत बसवत, जिथे तो हळूहळू कंटाळेल आणि एके दिवशी आपणहून नम्रपणे राजीनामा घेऊन येईल. मग सगळे म्हणत, अरेरे, असं कसं अचानक! तोकुमारू-सान चौतीस वर्षं टीव्हीतल्या तारांना डाख देण्याच्या कामावर होते. नुसत्या वासावरून सांगायचे, कुठल्या बाईची डाखणी जास्त तापली आहे ते. आता ते कात्रीने फोटो कापत. चिगुसा उएमात्सु पंचावन्न वर्षांची, बत्तीसहून अधिक वर्षं कारकुनी केलेली. तिची शाखाच बंद झाली. आणि संपादकप्रमुख हाझामा-सान एके काळी अर्ध्या देशात टीव्ही विकत होते. त्यांना बसायला खिडकीजवळची जागा मिळाली होती. खिडकीजवळची जागा मिळणं म्हणजे काम काढून घेऊन बाहेर बघत बसवणं, हे त्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, हाझामांना सोडून.

रोज सकाळी साडेआठला व्यायामाचं संगीत लागे. तिघं जण टेबलांमधल्या फटीत उभे राहून डावीकडे वाकत, उजवीकडे वाकत. मग संस्थापकांची सात वाक्यं मोठ्याने म्हणत. चौथं वाक्य असं: 'आपली वस्तू ही ग्राहकाच्या घरी गेलेली आपली पाहुणी आहे, तिने तिथे नीट वागावं.' लढाईनंतर पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं ते वाक्य होतं. चिगुसा बाकीची सहा खणखणीत म्हणे. चौथ्याला तिचे नुसते ओठ हलत. शेजारी तोकुमारू-सान उभे असत, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या मालकांनी कंपनी विकत घेतली. टीव्हीचा कारखाना पाडून तिथे गोदाम झालं. पंच्याहत्तरीनिमित्तचा हा इतिहासग्रंथ बहुधा कंपनीचा शेवटचाच, म्हणून सगळे जरा हळवे झाले होते. नव्या मालकांनी मात्र एक नवंच खूळ काढलं: पुस्तकात चुकांचंही एक प्रकरण हवं. हल्ली म्हणे सगळ्या मोठ्या कंपन्या आपल्या चुका छापतात, त्याने चांगलं दिसतं.

"चुका आपल्याला कशा सुचणार?" तोकुमारू-सान म्हणाले होते. "चुका करणारे सगळे वरच्या मजल्यावर."

नोव्हेंबरच्या एका सोमवारी हाझामांनी त्या प्रकरणाचा कच्चा मजकूर चिगुसासमोर ठेवला. "स्वच्छ टंकून द्या. दुसऱ्या परिच्छेदात नाव आहे, तेव्हा त्या गृहस्थांचा संमतीचा शिक्का लागेल. आपण दोघं गुरुवारी जाऊन घेऊन येऊ."

तिने वाचलं.

'१९८७च्या वर्षअखेरच्या विक्रीसाठी आणलेल्या एकवीस इंची संचाच्या मागच्या झाकणाची पुरेशी चाचणी झालेली नसताना तत्कालीन गुणवत्ता विभागप्रमुख श्री. तादाशिगे इबुकी यांनी त्यास मंजुरी दिली. पुढे उद्भवलेल्या प्रसंगाची जबाबदारी स्वीकारून त्यांनी पद सोडले.'

प्रसंग! तिने तो शब्द दोनदा वाचला. फेब्रुवारी महिना, बर्फाळ मुलखातलं एक खेडं. सत्त्याहत्तर वर्षांचे एकटे आजोबा. रात्रीच्या बातम्या संपल्यावर त्यांनी अंथरुणातूनच रिमोटने टीव्ही बंद केला आणि झोपले. टीव्हीने मात्र आतून थोडीशी वीज धरून ठेवली होती. आतला एक सुटा भाग तापला, झाकणाचं प्लास्टिक पेटलं, आणि गावकऱ्यांनी बर्फ खोदून रस्ता मोकळा करेपर्यंत घराचं काही उरलं नव्हतं. पाहुणी नीट वागली नव्हती.

"जुना मूळ कागद काढून ठेवा," हाझामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "फोटो छापायचा आहे. नऊ शिक्के एका ओळीत, चांगलं दिसेल."

तळघरातल्या कपाटातून तो कागद काढायला तिला पाच मिनिटं लागली. कुठल्या कप्प्यात आहे, ते ती बत्तीस वर्षं विसरली नव्हती.

त्सुगावात कुठलाही निर्णय एक माणूस घेत नसे. कागद निघायचा तो खालच्या टेबलावरून, आणि फिरत फिरत वर जायचा. कागदाच्या डोक्यावर चौकटींची ओळ. डाव्या टोकाला संचालक, मग उतरत्या क्रमाने सगळे, अगदी उजवीकडे तो कागद तयार करणारा. प्रत्येकाने आपल्या चौकटीत सहीऐवजी आपल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा. सगळ्यांचे उमटले की निर्णय झाला; तो कुणाचाच नसायचा आणि सगळ्यांचा असायचा.

चिगुसा कामाला लागली, त्या पहिल्याच आठवड्यात जुन्या नोमोतो-सानने तिला शिक्का मारायला शिकवलं होतं. "सरळ नाही मारायचा गं! सरळ शिक्का उर्मट दिसतो. जरासा डावीकडे कलता मार. म्हणजे आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकलाय, असं वाटलं पाहिजे." आणि खरंच, कुठलाही कागद बघावा तर संचालकांचा शिक्का ताठ, त्याच्या शेजारचा किंचित झुकलेला, पुढचा अजून थोडा. शेवटचा तर बिचारा जवळजवळ आडवाच.

एकटे इबुकी साहेब सरळ शिक्का मारत. वरून एकदा कुणीतरी सुचवलंही. तेव्हा ते म्हणाले, "हा स्क्रूचा कागद आहे ना? मग मी स्क्रूकडे बघून मारतो. संचालकांना नमस्कार जिन्यात भेटले की करीन." हे बोलताना ते हसलेही नव्हते. सगळा विभाग मात्र आठवडाभर हसत होता.

त्यांचा शिक्का चिगुसाच्या खणात असे. सगळ्याच साहेबांचे शिक्के आपापल्या कारकून मुलींच्या खणात असत. रजेचे अर्ज, पेन्सिलींची मागणी, चहाची पावडर, असले कागद मुलीच उरकत. तपासणीच्या कागदांना मात्र इबुकी साहेब हात पुढे करत आणि म्हणत, "उएमात्सु, शिक्का."

त्या झाकणाच्या कागदाला त्यांनी हात पुढे केला नाही. तीन दिवस तो त्यांच्या ट्रेमध्ये पडून होता. नवं प्लास्टिक हलकं, स्वस्त. त्याची जळण्याची चाचणी व्हायला अजून तीन आठवडे हवे होते आणि विक्रीवाल्यांकडे तीन दिवसही नव्हते. विक्री विभागातून दर तासाला फोन. गुरुवारी दुपारी दोन वाजता साहेब उठले. "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," म्हणाले. जाताना तो कागद ट्रेमधून काढून त्यांनी तिच्या टेबलाच्या कडेला ठेवला, आणि गेले.

साडेतीनला विक्री विभागातला तरुण हाझामा आला, घामाघूम. हा कागद त्यानेच तयार केला होता. अगदी उजवीकडचा, जवळजवळ आडवा शिक्का त्याचाच. "उएमात्सु-सान, नऊ चौकटी, आठ भरल्यात. वरच्यांनीसुद्धा आधीच मारून ठेवलेत, फक्त इबुकी साहेबांची रिकामी. मुख्य कचेरीची गाडी खाली उभी आहे."

"साहेब नाहीयेत."

"साहेब नाहीत, पण शिक्का आहे ना?"

ती तेवीस वर्षांची होती. मुख्य कचेरीची गाडी खाली उभी आहे, हे वाक्य तिला भूकंपाइतकं मोठं वाटलं. कागद तर साहेबांनीच तिच्या टेबलावर ठेवला होता, म्हणजे... म्हणजे काय, हे तिने स्वतःला पुरतं विचारलंही नाही. तिने खण उघडला, लाल शाईच्या डबीवर शिक्का दाबला, आणि हात शिकवल्याप्रमाणे आपोआप वळला. शिक्का डावीकडे कलून छान उमटला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या कागदाची प्रत बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "दात काढला नाही. औषध दिलंय." तिने त्यांच्यासाठी मुद्दाम मऊ, चावायला लागू नये असा उकडून वाटलेल्या लाल चवळीचा गोड लगदा आणला होता. त्यांनी तो निमूट खाल्ला.

फेब्रुवारीत चौकशी बसली. तेव्हा चहा घेऊन आत जायचं काम तिच्याकडे होतं. हातात ट्रे, ट्रेमध्ये सात कप. टेबलापलीकडून कुणीतरी विचारलं, "इबुकी-सान, हा शिक्का तुमचाच?" साहेबांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. म्हणाले, "माझाच." तिने सात जणांपुढे सात कप ठेवले, वाकली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा माफी मागताना कमरेत वाकलेला फोटो आला. तेवढा एकदाच वाकलेला माणूस.

दर नववर्षाला ती त्यांना शुभेच्छांचं कार्ड पाठवी. दर वर्षी त्यांचं उत्तर येई, त्यात नेमके दोन शब्द: 'तब्येत सांभाळ.' कार्ड आलं की ती ते आईला दाखवत नसे. आई विचारायची, "कुणाचं गं?" ती म्हणायची, "कंपनीतलं." बत्तीस कार्डं एका बिस्किटांच्या डब्यात होती, आणि डबा आता मिटेना झाला होता.

वर आल्यावर तिने कागद टेबलावर पसरला. तोकुमारू-सानचं कोपर लगेच आलं. "बघू, बघू. सगळी जुनी मंडळी! हा ओगावारा, गेला बिचारा. हा हाझामा, बघा कसा लोटांगण घालतोय. आणि हा..." ते थांबले. सहा वर्षं त्यांनी इबुकी साहेबांच्या हाताखाली काढली होती. "अरे? इबुकी कधीपासून वाकायला लागले?"

चिगुसाने कपातल्या चहाकडे पाहिलं.

तोकुमारू-सानने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्या हातांकडे पाहिलं. मग चष्मा काढून सावकाश पुसला. "हा गोंद," ते म्हणाले, "हा गोंद मुळात गोंदच नाही, मी तुम्हाला सांगतो." आणि संध्याकाळपर्यंत गोंदाबद्दलच बोलत राहिले.

तीन दिवस ती नीट जेवली नाही. एकदा हा परिच्छेद छापला, की साहेबांचं नाव देशभरच्या ग्रंथालयांत, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, कायमचं त्या आगीशेजारी बसणार होतं. वर्तमानपत्राचं काय, दुसऱ्या दिवशी त्यात मासळी बांधतात. पुस्तक तसं नसतं. साहेब तर तिथेही 'माझाच' म्हणतील, सरळ शिक्का मारतील आणि कागद परत देतील, याची तिला खात्री होती. थांबवू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती रात्री आईच्या पायांना तेल लावताना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायची.

गुरुवारी बसमध्ये हाझामा-सानच्या मांडीवर रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा होता.

"मऊ घेतली आहे," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरचे झाले ते. दातांचं काय असेल कोण जाणे. तेव्हाच दुखत होते."

"हाझामा-सान, तुम्हाला तो गुरुवार आठवतो?"

"गुरुवार काय, कितीतरी होऊन गेले."

"मुख्य कचेरीची गाडी खाली उभी होती."

हाझामांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. एके काळी हा माणूस बोलायला लागला की दुकानदार पाचाच्या जागी दहा टीव्ही ठेवून घेत. आता त्यांना शब्द सापडायला दोन थांबे गेले.

"माझं दीड वर्ष राहिलंय, उएमात्सु-सान. तुमची पाच वर्षं. तुमच्या आईचं औषधपाणी आहे. तोकुमारूची पाठ आहे. पुस्तक होऊ दे छापून. इबुकी-सानना तीस वर्षांत काही बोलायचं असतं तर ते बोलले असते, नाही का?" मग जरा विक्रीच्या जुन्या सुरात: "तिथे असं करू. बोलणं माझ्याकडे, मिठाई तुमच्याकडे."

"आणि शिक्का कुणाकडे?" ती म्हणाली.

हाझामा ऐकू न आल्यासारखे बाहेर बघू लागले. भाताची शेतं कापून झाली होती, नुसते खुंट उभे होते.

इबुकींचं घर लहान होतं. छपराखाली सोललेल्या पर्सिमनच्या फळांच्या माळा वाळत घातल्या होत्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. साकाए-सान बुटक्या, गोल, आणि बोलायला मोकळ्या.

"या या! आत या. सपाता घाला, फरशी गारठलीय. यांना किती दिवसांनी कंपनीचं माणूस दिसतंय. परवापासून दोनदा दाढी झाली."

"एकदा," आतून आवाज आला.

इबुकी साहेब बैठकीत चटईवर बसले होते. पाठ तशीच ताठ, केस सगळे पांढरे. समोर वाडग्यात तांदळाच्या जाड, भाजलेल्या चकत्या होत्या, आणि ते त्या एकेक करून कडाकडा फोडून खात होते. चिगुसाला पाहून त्यांनी मान हलवली.

"उएमात्सु. तब्येत सांभाळतेस ना?"

"हो, साहेब."

तिने डबा पुढे सरकवला. त्या खोलीत रेडिओ होता, शिवणाचं मशीन होतं, भिंतीवर दिनदर्शिका होती. टीव्ही कुठेच नव्हता. ते हाझामांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी घाईघाईने हवेचा विषय काढला.

"मऊ मिठाई?" साकाए-सानने डबा उघडला. "अहो, आमच्याकडे मऊ कुणी खात नाही. मला मऊ खावं लागतं, माझे सगळे खोटे. यांना तर दगड द्या, पीठ करतील."

हाझामा हसले. मग बोलले, चांगलं बोलले. पंच्याहत्तर वर्षं, नवे मालक, प्रामाणिकपणाचं नवं धोरण, सन्मानपूर्वक उल्लेख. शेवटी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. इबुकी साहेबांनी भिंग काढलं आणि परिच्छेद अक्षर अक्षर वाचला. 'प्रसंग' या शब्दावर भिंग जरा जास्त थांबलं. बाहेर कुणाचीतरी सायकल घंटी वाजवत गेली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "साकाए, माझा शिक्का आण."

"काय लिहिलंय ते मला वाचून तरी दाखवा."

"जुनंच आहे. आण."

साकाए-सान उठल्या. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला; चिगुसाच्या चांगल्याच ओळखीचा. लाकडी खण, आतली डबी सरकते तो आवाज. साकाए-सानने शिक्का आणि लाल शाई साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी शिक्का उचलला.

"साहेब, थांबा!"

"उएमात्सु-सान," हाझामा हळूच म्हणाले, "चहा निवतोय तुमचा."

"निवू दे." तिने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं. आवाज खालून, चटईतून आल्यासारखा आला. "तो शिक्का मी मारला होता. तुम्ही नव्हता. हाझामा-सान आले, म्हणाले गाडी खाली उभी आहे, आणि मी खणातून काढून मारला. चौकशीत मी चहा देत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. ट्रे हातात होता म्हणून... नाही, ट्रेचं काही नाही. मी भ्याले. हे छापू नका, साहेब. छापायचं तर माझं नाव छापा."

हाझामांनी दोन्ही हातांत कप धरला होता, ओठांपाशी नेत नव्हते आणि खालीही ठेवत नव्हते.

"कुठला शिक्का?" साकाए-सानने विचारलं. त्या एकदा नवऱ्याकडे बघत होत्या, एकदा चटईवरच्या बाईकडे. "काय म्हणतेय ही?"

"ऊठ," इबुकी साहेब चिगुसाला म्हणाले. "ऊठ आधी. मला माहीत आहे. तो शिक्का कलता होता. मी प्रत बघितली तेव्हाच कळलं."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

ती उठून बसली. चटईची नक्षी तिच्या कपाळावर उमटली होती. "मग तुम्ही 'माझाच' का म्हणालात?"

"विभाग माझा होता." ते शिक्का बोटांत फिरवत होते. "तू लहान होतीस. झालं ते झालं. हाझामा, द्या तो कागद."

हाझामांनी सुटकेचा श्वास टाकून कागद पुढे केला. पण साकाए-सानचा हात मध्येच आला आणि कागदावर पडला.

"थांबा जरा. बत्तीस वर्षं मी शेजारपाजाऱ्यांचं ऐकून घेतलं. बाजारात मान खाली घालून फिरले. पोराच्या लग्नाच्या बोलण्यांत पहिला प्रश्न कसला निघाला, ते मला माहीत आहे. तुम्ही मला सांगितलंत, चूक माझ्या हातून झाली. आणि आज ही पोरगी माझ्या चटईवर डोकं टेकून म्हणतेय की तुम्ही तिथे नव्हताच. कुठे होता?"

"बाहेर गेलो होतो."

"कुठे बाहेर? भर दुपारी? कामाच्या दिवशी?"

चिगुसाला राहवलं नाही. तिला वाटलं, निदान एवढं तरी आपण त्यांच्या बाजूने सांगावं. "साहेब दाताच्या डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "दात फार दुखत होता त्यांचा. मला चांगलं आठवतंय, दुसऱ्या दिवशी मी मऊ खाऊ आणला होता."

साकाए-सानने तिच्याकडे बघितलं. मग वाडग्याकडे. मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"यांचा दात?" त्या म्हणाल्या. "अगं, या माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात आहेत. दाताच्या डॉक्टरकडे हे जन्मात एकदाच गेले, आणि तेसुद्धा माझी कवळी आणायला."

हाझामांनी कप खाली ठेवला. चिगुसाने साहेबांकडे पाहिलं आणि तिला तो कागद दिसला. ट्रेमधून उचललेला, तिच्या टेबलाच्या कडेला ठेवलेला, अगदी नीट, टेबलाच्या काठाला समांतर. शिक्क्याचा खण होता त्याच बाजूला.

"साहेब," ती म्हणाली. "कागद माझ्या टेबलावर का ठेवलात?"

इबुकी साहेबांनी शिक्का शाईच्या डबीशेजारी आडवा ठेवला. तो जरा घरंगळला; त्यांनी बोटाने थांबवला.

"मी कारखान्यासमोरच्या बागेत बसलो होतो," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण पाठ पहिल्यांदाच थोडी ढिली पडली होती. "दोन ते पाच. तिथून फाटक दिसायचं. मुख्य कचेरीची गाडी आत गेलेली बघितली. चार वाजता बाहेर पडली, तेव्हा कळलं, झालं. मी घरी एक तुकडा आणला होता त्या झाकणाचा, त्याच्या आधीच्या रविवारी. मागच्या अंगणात काडी लावून बघितली. चाचणीला तीन आठवडे लागणार होते. मला अर्धं मिनिट लागलं."

"इबुकी-सान," हाझामा म्हणाले. "आता कशाला..."

"तुम्ही गप्प बसा हो," साकाए-सान म्हणाल्या.

साहेब चिगुसाकडे बघत होते. बत्तीस वर्षांपूर्वी चौकशीत त्यांनी तिच्याकडे बघणं टाळलं होतं, तसं आज नाही. सरळ.

"नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि हो म्हणायची लाज वाटत होती. तू हातातलं काम अडवून ठेवणारी मुलगी नव्हतीस, हे मला माहीत होतं. झाकण पेटतं हे मला माहीत होतं, उएमात्सु. तू शिक्का मारशील हेही माहीत होतं. म्हणूनच मी उठून गेलो."